कुणाला होतो, कुणाला नाही

कर्करोगाच्या इतिहासाबद्दल मराठीत जे लिहिले जाते, ते बहुतांशी उपचारांचा इतिहास असते. शस्त्रक्रिया आली, क्ष-किरण आले, रेडियम आले, मग केमोथेरपी आणि अलीकडे एखाद्या बिघडलेल्या जनुकावर नेम धरणारी औषधे. ही कहाणी खरी आहे आणि तिच्यात अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे. १९४७-४८ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने मरणपंथाला लागलेल्या मुलांना जे अमिनोप्टेरिन दिले, ते येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखालच्या प्रयोगशाळेत तयार झाले होते. सोळापैकी दहा मुलांना उतार पडला. तो टिकला नाही, पण औषधाने हा रोग मागे हटू शकतो हे जगाने पहिल्यांदा पाहिले. मात्र रोग बरा करणे आणि रोग समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि समजण्याचा इतिहास मराठी वाचकापर्यंत फारसा आलेला नाही. तो आला पाहिजे असे मला वाटते, कारण त्यातून एक वेगळेच चित्र समोर येते. ‘कर्करोग म्हणजे काय’ या प्रश्नाच्या मागे माणूस दोन-तीन हजार वर्षे होता आणि हाती फारसे काही लागले नाही. ‘तो कुणाला होतो आणि कुणाला होत नाही’ हा साधा प्रश्न विचारून लोक मोजायला लागले, तेव्हा वाट सापडली. या रोगाची मोठी कारणे आधी मोजणीत दिसली. ती शरीरात नेमके काय करतात, हे पुष्कळ नंतर कळले.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात बोलले तरी चालेल. इसवी सनापूर्वी १६००च्या सुमारास नकललेल्या एका इजिप्शियन पपायरसात स्तनातल्या कठीण, थंड गाठींचे वर्णन आहे आणि त्यांच्यावर उपचार नाही असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत अर्बुदाचे वर्णन आणि वर्गीकरण आहे. ग्रीक वैद्यकाने या रोगाला खेकड्याचे नाव दिले आणि दुसऱ्या शतकात गेलनने त्याचे कारण सांगितले: शरीरात साचलेले काळे पित्त. हे स्पष्टीकरण हजार-दीड हजार वर्षे टिकले. ते टिकण्याचे कारण त्याच्या बनावटीतच होते. काळे पित्त कुणी पाहिलेले नव्हते, त्यामुळे ते कुणी खोडूनही काढू शकत नव्हते. प्रत्येक रुग्णात ते होतेच असे मानता येत होते. सोळाव्या शतकात वेसालियसने प्रेते उघडून शरीररचनेचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हाही हे पित्त सापडले नाही. पण माझ्या मते या सिद्धान्ताचा खरा तोटा वेगळा होता. त्याने रोगाचे मूळ रोग्याच्या आतच ठेवले. आतून उद्भवणाऱ्या गोष्टीपासून कुणी कुणाला वाचवावे कसे? रोगी काय काम करतो, काय खातो, कुठे राहतो, हे विचारण्याची गरजच या विचाराने संपवून टाकली.

ती गरज लंडनच्या एका शल्यविशारदाने पुन्हा निर्माण केली. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातले पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली अवघ्या काही पानांचे एक टिपण छापले. लंडनची घरे तेव्हा कोळशावर ऊब घेत आणि त्यांची अरुंद धुराडी साफ करायला लहान मुले आत उतरवली जात. पाच-सहा वर्षांची अनाथ किंवा गरीब मुले काजळीने माखून त्या नळकांड्यांत घुसत, पुष्कळदा उघड्या अंगाने. यांतली काही मुले मोठी झाल्यावर त्यांच्या वृषणकोशावर एक चिघळणारा फोड येई. डॉक्टर तो गुप्तरोग समजून पारा देत आणि रोग पसरतच जाई. पॉट यांनी सांगितले की हा कर्करोग आहे, तो या एका धंद्यातल्या लोकांना होतो आणि त्याचे कारण त्वचेच्या वळ्यांत साचून राहणारी काजळी आहे. या निष्कर्षासाठी त्यांच्याजवळ कोणतेही यंत्र नव्हते. पेशी ही कल्पनाही तेव्हा वैद्यकात आलेली नव्हती. या मुलांना होतो, इतरांना होत नाही, एवढाच फरक त्यांनी गंभीरपणे घेतला. पुढे १८९२ साली हेन्री बटलिन यांनी याच प्रश्नाची दुसरी बाजू विचारली: इंग्लंडमध्ये होणारा हा रोग युरोपातल्या इतर देशांच्या धुराडे साफ करणाऱ्यांत का आढळत नाही? उत्तर कपड्यांत आणि आंघोळीत होते. जर्मनीत हे कामगार अंगाला घट्ट बसणारा, सगळीकडून बंद पोशाख घालत आणि रोज अंग धूत. काजळी किंवा डांबर खरोखर कर्करोग घडवते याचा प्रयोगसिद्ध पुरावा मात्र १९१५ साली मिळाला, जेव्हा जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांवर महिनोन् महिने कोळशाचे डांबर चोळले. त्या डांबरातले बेंझोपायरीन हे रसायन वेगळे करण्यासाठी १९३३ साल उजाडावे लागले. पॉट यांच्या टिपणानंतर ही १५८ वर्षे झाली. इंग्लंडमध्ये मुलांना धुराड्यात उतरवणे परिणामकारकरीत्या बंद झाले ते १८७५च्या कायद्याने, म्हणजे शंभर वर्षांनी. हा विलंब विज्ञानाचा नव्हता. कारण माहीत होते, पर्याय माहीत होता. मुले गरिबांची होती.

दुसरे उदाहरण इटलीतल्या वेरोनाचे आहे, आणि त्याचा धागा थेट मुंबईपर्यंत येतो. दोमेनिको रिगोनी-स्टर्न या डॉक्टरने १७६० ते १८३९ या काळातल्या शहराच्या मृत्युनोंदी तपासल्या आणि १८४२ साली त्यातून निघालेले आकडे मांडले. विवाहित स्त्रियांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त होते. मठातल्या जोगिणींत ते कमी, पण स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त होते. या नोंदींत दोष होते. गर्भाशयाचे मुख आणि गर्भाशयाची पिशवी यांच्या कर्करोगांत तेव्हा फरक केला जात नसे आणि जोगिणींची संख्याही मोठी नव्हती. तरी त्या आकड्यांनी दोन वेगळे रोग दोन वेगळ्या आयुष्यांशी जोडले. स्तनाचा कर्करोग अपत्य न होण्याशी जोडला गेला, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा शरीरसंबंधाशी काहीतरी संबंध असावा असा संशय कायमचा रुजला. मुंबईत १९६३ साली भारतातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने तिचे आकडे जमातवार पाहिले गेले, तेव्हा वेरोनातलेच चित्र दुसऱ्या वेशात दिसले. उशिरा लग्न करणाऱ्या, कमी मुले असणाऱ्या पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग जास्त आणि गर्भाशयमुखाचा कमी. हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा जास्त. पारशी आणि हिंदू शेजारी एकाच शहराचे पाणी पीत होते, एकाच हवेत श्वास घेत होते. फरक राहणीत होता, आणि तो दिसला तो नोंदवहीत.

इथे एक वजनदार आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. मोजणीने संशय निर्माण होतो, ज्ञान नव्हे. खरे ज्ञान सूक्ष्मदर्शकाने आणि जनुकशास्त्राने दिले, असे पुष्कळ शास्त्रज्ञ म्हणतील. त्यांच्या बाजूला मोठा पुरावा आहे. योहानेस म्युलर यांनी १८३८ साली गाठी पेशींच्या बनलेल्या असतात हे दाखवले, आणि प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतूनच येते हे सांगून फिरखो यांनी काळ्या पित्ताचा उरलासुरला आधारही काढून घेतला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचेच पाहिले तर मोजणी एका आडवाटेलाही गेली होती: १९६०-७०च्या दशकांत हर्पिसच्या विषाणूवर संशय घेतला गेला, कारण तोही शरीरसंबंधातून पसरतो. हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३-८४ साली या गाठींत मानवी पॅपिलोमा विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार दाखवले तेव्हा खरा गुन्हेगार सापडला. हे सगळे मान्य केले तरी माझा मुद्दा ढळत नाही. प्रयोगशाळेला कुठे शोधायचे हे मोजणीने सांगितले होते. संसर्गाचा माग नसता तर गाठीत विषाणू शोधण्याचे कारणच नव्हते. उलट मोजणीचा आधार नसताना प्रयोगशाळाही भरकटते. डेन्मार्कचे योहानेस फिबिगर यांना उंदरांच्या पोटात कृमींमुळे कर्करोग होतो या शोधासाठी १९२६चे नोबेल मिळाले आणि तो शोध पुढे चुकीचा ठरला. आनुवंशिकतेच्या आतल्या दालनातही मोजणीनेच दार उघडले. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली डोळ्याच्या कर्करोगाच्या फक्त ४८ मुलांच्या नोंदी घेतल्या: कोणत्या वयात झाला, एका डोळ्यात की दोन्ही, घरात आधी कुणाला होता का. त्यावरून त्यांनी अनुमान काढले की पेशीत दोन आघात लागतात आणि आनुवंशिक प्रकारात पहिला आघात जन्मतःच असतो. ते जनुक प्रत्यक्ष हाती आले १९८६ साली. त्याआधी पंधरा वर्षे ते कागदावर होते.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे, आणि तो घेणारा माणूस साधा नव्हता. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतले फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण आणि इतर रुग्ण यांची तुलना करून सिगारेटकडे बोट दाखवले. त्यानंतर त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रे पाठवली. सुमारे ४० हजार डॉक्टरांनी आपल्या सवयी कळवल्या, आणि मग त्यांच्यातले कोण कशाने मरण पावते याची नोंद सुरू झाली. आधुनिक संख्याशास्त्राचे शिल्पकार रोनाल्ड फिशर यांनी याला जाहीर विरोध केला. दोन गोष्टी बरोबर दिसतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, असे ते म्हणाले. सिगारेटची ओढ आणि कर्करोगाची प्रवृत्ती ही दोन्ही एखाद्या जनुकातून येत असतील. तंबाखू उत्पादकांच्या संघटनेचे ते सल्लागार होते हे खरे, पण म्हणून त्यांचा युक्तिवाद पोकळ ठरत नाही. त्याला उत्तर युक्तिवादानेच द्यावे लागते, आणि ते जेरोम कॉर्नफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली दिले. धूम्रपान करणाऱ्यांत रोग नऊपट असेल आणि त्याचे खरे कारण एखादे छुपे जनुक असेल, तर ते जनुकही धूम्रपान करणाऱ्यांत किमान नऊपट आढळायला हवे. असे जनुक कुणी दाखवू शकलेले नाही. शिवाय सिगारेट सोडणाऱ्यांचा धोका वर्षागणिक कमी होतो, आणि जनुक काही सिगारेटबरोबर सोडता येत नाही. धुरातले रसायन नेमक्या कोणत्या जागी जनुकाला चिकटते हे १९९६ साली दाखवले गेले. त्याची वाट पाहत बसले असते तर मधल्या ४६ वर्षांत आणखी किती माणसे गेली असती, याचा विचार कारणमीमांसेबद्दल फार काटेकोर असणाऱ्यांनी करावा.

आता आपल्याकडे वळतो, कारण या प्रश्नाला भारताने दिलेली उत्तरे जगाच्या इतिहासात महत्त्वाची आहेत आणि आपल्या वाचकांना ती सर्वांत कमी ठाऊक आहेत. काश्मीरमध्ये फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी बाळगणाऱ्या लोकांच्या मांड्यांवर आणि पोटाच्या कातडीवर होणारा कर्करोग एकोणिसाव्या शतकातच डॉक्टरांच्या लक्षात आला होता. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले आणि तिथे वसंत रामजी खानोलकर यांनी विकृतिशास्त्राचा पाया घातला. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ साली लोकांच्या चालीरीतींशी जोडलेल्या कर्करोगांवर लिहिले. घट्ट कासलेल्या धोतराने कमरेवर वर्षानुवर्षे होणाऱ्या घर्षणाच्या जागी येणारा कर्करोग त्यात आहे, आणि खालच्या ओठाच्या खोबणीत तंबाखू-चुन्याची चिमूट ठेवणाऱ्यांना नेमका त्याच जागी होणारा कर्करोगही आहे. खानोलकर सूक्ष्मदर्शकावर काम करणारे शास्त्रज्ञ होते, पण काचपट्टीवरचा तुकडा कोणाच्या अंगावरून आला हे ते विसरत नसत. हीच दृष्टी पुढे गावोगावच्या पाहण्यांत आली. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली. गालाच्या आतला पांढरा चट्टा, तो बोटाने पुसून जातो का, माणूस तंबाखू खातो की विडी ओढतो, बाई मशेरी लावते का, हे सगळे एकेका माणसाच्या नावावर लिहिले गेले. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. कित्येक घरांत ती दात घासण्याचीच वस्तू समजली जात असे, व्यसन नव्हे, आणि म्हणून विचारल्याशिवाय ती नोंदीत आलीच नसती. त्यानंतर केरळ, गुजरात आणि आंध्रातल्या छत्तीस हजारांहून अधिक तंबाखू सेवन करणाऱ्यांना सवय सोडण्याबद्दल समजावले गेले आणि पाच वर्षांनी पाहिले, तेव्हा नवे पांढरे चट्टे येण्याचे प्रमाण घटलेले होते. कारण काढून घेतल्यावर रोगाची पूर्वखूण मागे सरते, यापेक्षा मोठा पुरावा मागायचा तो काय?

मोजणीचे काम किती कष्टाचे आहे हे बार्शीकडे पाहून कळते. १९८७ साली तिथे भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली साडेतीनशेच्या आसपास गावे तिच्यात होती. मुंबईत रुग्णालयांचे कागद गोळा करून नोंदणी होऊ शकते. खेड्यात रोगी रुग्णालयात गेलाच नाही तर कागदच नसतो, आणि त्याचा मृत्यू म्हातारपणाच्या किंवा अशक्तपणाच्या खात्यावर जातो. म्हणून नोंदणीची माणसे गावोगाव फिरली. घरोघरी लक्षणे सांगितली. अंगावरून जाते, तोंडातली जखम भरत नाही, गिळायला त्रास होतो, अशा लोकांना शोधून बार्शीच्या रुग्णालयात तपासणीला आणले. यातून एक अनपेक्षित गोष्ट घडली. मोजणाऱ्यांच्या येण्याजाण्याने बायका आजार अंगावर काढेनाशा झाल्या, आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यावर सापडण्याचे प्रमाण वाढले. कोणतेही नवे यंत्र आलेले नव्हते. कुणीतरी येऊन विचारले होते, एवढेच.

त्याच भागात, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांवर एक मोठा अभ्यास झाला आणि २००९ साली त्याचे निष्कर्ष जगापुढे आले. ३० ते ५९ वयाच्या निरोगी स्त्रियांचे गावांच्या समूहांनुसार चार गट केले होते. पॅपिलोमा विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. नेहमीची आरोग्यसेवा मिळालेल्या, चाचणी न झालेल्या गटात ६४. वेरोनाच्या नोंदवहीतला संशय इथे निम्म्याने कमी झालेल्या मृत्यूंपर्यंत येऊन पोहोचला. पण याच ठिकाणी मोजणीविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेपही उभा आहे. तपासणीने जीव वाचतात हे जगात माहीत असताना एका गटाला तपासणीविना ठेवणे न्याय्य होते का? त्या वेळी भारतात सरकारी तपासणी अस्तित्वातच नव्हती, म्हणून त्या स्त्रियांचे असलेले काही काढून घेतले नाही, असा बचाव केला जातो. मला तो पुरेसा वाटत नाही. व्यवस्थेने आधीच वंचित ठेवलेल्या बाईला अभ्यासातही वंचित ठेवायचे, हे तिच्या गरिबीचा उपयोग करून घेणे आहे. त्या ६४ स्त्रियांचे ऋण मान्य केल्याशिवाय त्या अभ्यासाचा गौरव करता येणार नाही, आणि ते फेडायचे असेल तर ती चाचणी आज त्या जिल्ह्यातल्या प्रत्येक बाईला मिळाली पाहिजे.

मोजणीने रोग्यालाच दोष दिला जातो, अशीही तक्रार ऐकू येते. तंबाखू खाल्लीस म्हणून झाला, असे म्हणणारे नातेवाईक आणि डॉक्टरही असतात, आणि ते क्रूरपणाने वागतात. आकड्यांचा अर्थ मात्र तसा नाही. धुराड्यात उतरणाऱ्या पोराने काजळी निवडलेली नव्हती. आईच्या हातून मशेरी घेणाऱ्या मुलीनेही काही निवडलेले नसते. एकाच धंद्यात, एकाच वस्तीत, एकाच सवयीच्या लोकांत रोग गोळा होतो हे दिसले की तो व्यक्तीचा अपराध उरत नाही, तो कायद्याचा, बाजाराचा आणि सरकारचा विषय होतो. पुष्कळ कर्करोगांमागे असे कुठलेच बाहेरचे कारण सापडत नाही हेही खरे. एखाद्या रुग्णाच्या ‘मलाच का’ या प्रश्नाला मोजणीजवळ उत्तर नाही आणि असल्याचा आव तिने आणू नये. तिचे उत्तर पुढच्या माणसासाठी असते.

म्हणून हा विषय वाचताना प्रत्येक शोधापाशी थांबून, त्यासाठी कुणाची मोजणी झाली आणि कोण मोजायचे राहून गेले, हे वाचकाने विचारावे अशी माझी विनंती आहे. आजचा अंदाज असा आहे की भारतात दरवर्षी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सव्वा लाखाहून अधिक नवे रुग्ण होतात आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने मरण पावतात. विषाणू माहीत आहे, चाचणी धाराशिवमध्ये पारखून झाली आहे, लस पुण्यात तयार होते. ‘अंदाज’ हा शब्द वापरावा लागतो, कारण देशातली दहातली जवळपास नऊ माणसे आजही कोणत्याही लोकसंख्याधारित नोंदणीच्या बाहेर आहेत. कर्करोगाच्या प्रत्येक निदानाची आणि त्याने झालेल्या प्रत्येक मृत्यूची नोंद देशभर सक्तीची झाली पाहिजे, आणि ती घ्यायला बार्शीसारखी माणसे प्रत्येक तालुक्यात नेमली पाहिजेत.